धाकटीची पाठवणी

रामवाडी, पेण
९ फेब्रुवारी २०२५

विशाल,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. पापडाची मशीन जाऊन आठवडा झाला आणि तुझा एक फोन. त्यात फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी माझ्या मनाने जुळवते, हे तुला ठाऊक हाय. म्हणून सांगते, कागदावर लिही. प्रविणचा टेम्पो रोज पेण-रोहा करतो, त्याच्या हातात चिठ्ठी दिलीस तर तुझे हात झडणार नायत. शाळेसाठी माझ्याकडे राहिलास तेव्हा शुद्धलेखन मीच घोटवून घेतलं होतं, त्याचं काहीतरी चीज कर.

पाठवणी छान झाली. तुझी शेड एवढी झाडलेली मी पहिल्यांदाच बघितली. सूनबाईने, सुरभीने, हिरव्या खणाचा ब्लाऊज घातला होता, नारळ फोडला, मशीनीला हळदकुंकू लावलं. पोरगी गोड दिसत होती, सांग तिला. मी मागे त्या ड्रिल मशीनपाशी उभी राहिले. तू दोनदा पुढे बोलावलंस, पण तिथे धाटावच्या चार बाया होत्या, त्यांच्या तोंडाला कोण लागणार? कपाळ मोकळं झालं की बाईने आपली जागा ओळखून उभं राहावं. राग नाय. उभी राहायला जागा चांगली होती, सगळं दिसत होतं.

तुझ्या शेडवरच्या हरेशने मात्र मला खुर्ची आणून दिली, चहा आणून दिला. निडीचं पोर पण वागायला मोठ्या घरचं. रोलरमधलं अंतर मी सांगीन तसं त्यानेच तर किती वेळा खोललं आणि लावलं! मी म्हणायची, जाड, आणि तो हसत परत पाना घ्यायचा. तू वैतागायचास, तो नाय.

आमच्या बचत गटातल्या बाया मला चिडवतात. म्हणतात, शांतीआत्या, लाटण्याने पापड लाटून तुमची हयात गेली आणि आता लाटणाऱ्या मशीनीला धडे देता, ही तुमची लेक की सवत? मी म्हटलं, धाकटी लेक. आमच्या ह्यांच्या आणि माझ्या नशिबात लेकरू नव्हतं, तर ही लोखंडाची झाली. आणि पहिलीच पोरगी एकदम ऑस्ट्रेलियाला दिली, म्हणजे स्थळ बघा!

रिकाम्या हाताने गेली नाय एवढं समज. पोचली की कळव.

आता आशीर्वाद.

आत्या



धाटाव, रोहा
२ मार्च २०२५

आत्या,

हे घे पत्र. प्रविण दात काढून हसला, म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं का? त्याला सांगितलं, आमच्या आत्याला ब्लू टिक दिसत नाही.

तुझी धाकटी समुद्रात आहे. न्हावा-शेवाला पेटी कंटेनरमध्ये चढली, जहाज सुटलं. मध्ये सिंगापूरला जहाज बदलणार, मग मेलबर्न. तुमच्या पेणचे गणपती तर दर वर्षी असेच जातात, त्यामुळे तुला नवल नाही. मला मात्र आहे. बाबा गागोद्याच्या शेतात नांगर दुरुस्त करायचे आणि मी परदेशात मशीन पाठवतो, हे मी रोज एकदा स्वतःलाच सांगतो. सुरभी म्हणते, पुरे.

सोपं नसतं ग हे. मशीन बनवणं परवडलं, पाठवणं नको. पेटीच्या लाकडालासुद्धा औषधाची धुरी देऊन त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. मशीन आतून-बाहेरून स्वच्छ आहे, मी स्वतः तपासली आहे, असं लिहून मालकाने सही करायची. अशा सह्या करून माझं बोट दुखलं. तिथल्या शेठचा निरोप आहे की ही नीट पोचली, नीट चालली, तर लगेच दुसरी. आत्या, दुसरी म्हणजे आपलं नाव झालं. मग कुणी 'गॅरेजवाला' म्हणणार नाही.

पोह्याचे पापड पाठव. मागच्या वेळचे मिरगुंड शेडवरच संपले. हरेशनेच निम्मे खाल्ले.

विशाल



रामवाडी, पेण
२० मार्च २०२५

विशाल,

पापड आणि मिरगुंड दोन्ही पाठवलेत. हरेशची पिशवी वेगळी बांधली हाय, वर नाव घातलंय, त्यात हात घालू नको.

पोचली का? कुणी उघडली? बाई होती की बाप्या? तिकडे आपल्याकडची एखादी बाई कामाला असेल तर बरं, तिला कळेल. बाप्यांना काय कळतंय. नीट विचारून लिही, पिठाच्या डब्याचं झाकण कुणी उघडलं आणि ती काय म्हणाली.

हसू नको. लेक सासरी गेली की आईला पहिल्या रात्रीचं जेवण काय होतं इथपासून सगळं ऐकायचं असतं.

आत्या



धाटाव, रोहा
६ एप्रिल २०२५

आत्या,

वाईट बातमी आहे. तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच लिहितो.

मशीन मेलबर्नच्या बंदरात अडकली. त्या देशात बाहेरचा धान्याचा दाणा, बी, माती, गवताची काडीसुद्धा चालत नाही. कीड जाईल, रोग जाईल, त्यांची शेती बुडेल म्हणून. त्यांचे अधिकारी पेटी उघडून बघतात. आपली उघडली आणि पिठाच्या डब्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि अर्ध्या सालीसकट नारळ सापडला. इतके दिवस त्या गरमीत राहून तांदळात किडे झाले होते आणि नारळाला कोंब आला होता, त्या कोंबाचासुद्धा त्यांनी फोटो काढला. त्यांनी सगळा परिसर बंद करून मशीन बाहेर काढली, जणू आत बॉम्ब होता. आता औषधाची धुरी, साफसफाई, पुन्हा तपासणी. आणि 'आत काही नाही' म्हणून माझी सही. शेठनी मला फोनवर विचारलं, तुम्ही शुद्धीवर असता का? मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पूजेचं सामान आवरायला हरेशला सांगितलं होतं. बाहेर नेऊन ठेवायचा कंटाळा केला आणि आत कोंबून झाकण लावलं त्याने. पेटीचे खिळे पण त्यानेच ठोकले. मी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि त्याला विचारलं. त्याने हो पण म्हटलं नाही आणि नाही पण. नुसता उभा. मला संताप आला. बोलायला नको ते बोललो. म्हटलं, तुझ्यासारख्यांमुळे आपली जात लोखंड भंगारात विकायच्याच लायकीची राहिली. त्याच वेळी हिशोब करून घरी पाठवला. शेठना लिहून कळवलं की जबाबदार माणसाला काढून टाकलं आहे. तेव्हा कुठे ते शांत झाले.

बाकी तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझा यात काही संबंध नाही.

विशाल



रामवाडी, पेण
२७ एप्रिल २०२५

विशाल,

पत्राला उशीर झाला. पापडाचा हंगाम हाय, उडदाची डाळ दळून आणायची, पीठ कुटायचं, ऊन मिळेल तोवर वाळवायचं. हाताला फुरसत नाय. शिवाय यंदा कावळे फार झालेत.

तुझं पत्र वाचलं. कोंबाचं वाचून कसंसंच झालं. आपल्याकडे नारळाला कोंब आला तर लोक नमस्कार करतात, तिकडे गुन्हा. असो. देश तसा वेष.

एक सांगायचं होतं. हरेशची नम्रता आमच्याकडे पापड लाटायला येते. निडीहून गाडीने. मी ओळखलंच नाय आधी. पदर डोक्यावरून घेऊन खाली बघत लाटते. विचारलं, गो, तुझ्या घरी तर नवऱ्याला चांगली नोकरी होती? म्हणाली, होती. तिकडे आता त्याला कुणी ठेवत नाय. एमआयडीसीत सगळीकडे पसरलंय की हा माणूस मालकाच्या मालात कचरा टाकतो. एका शेडवर तर त्याला बघून एकाने विचारलं म्हणे, आज डब्यात काय आणलंस, नारळ का? आणि सगळे हसले.

तिने लाटलेला पापड कडेला जाड राहतो. मी तिला म्हणते, कडा पातळ कर.

त्याला परत घेता नाय येणार का? माणूस हाय, होतं कधी. तुझा राग आता निवला असेल.

ऊन फार हाय. डोक्याला फडकं बांधत जा.

आत्या



धाटाव, रोहा
५ मे २०२५

आत्या,

हरेशचा विषय पुन्हा काढू नकोस. मी शेठना लेखी दिलं आहे. त्याला परत घेतला आणि त्यांना कळलं, तर माझी दुसऱ्यांदा खोटी सही झाली असं होईल. मशीन आता सुटली आहे, चालते आहे, पापड उत्तम निघतात असं त्यांनी कळवलंय. दुसऱ्या मशीनचं ते बोलणार आहेत. आता कुठे गाडी रुळावर येते आहे.

आणि धंदा म्हटला की शिस्त लागते. मला पण वाईट वाटतं, पण कुणाला तरी जावंच लागतं.

नम्रताला काम दिलंस ते बरं केलंस. तिला जास्त काही विचारू नकोस. तू या भानगडीत पडू नकोस, आत्या, खरंच सांगतो.

विशाल



रामवाडी, पेण
१८ मे २०२५

विशाल,

मी या भानगडीत पडत नाय. मी भानगडीच्या तळाशी बसलेय.

ओटी मी भरली. धाकटीची ओटी मी भरली. पूजा झाली, तुम्ही सगळे चहाला बाहेर गेलात, तेव्हा मी पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि भरली. गागोद्याचे तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, आणि वाटेत फुटू नये म्हणून अर्धा सोललेला नारळ. पोरगी एवढ्या लांब जाते आणि रिकाम्या ओटीने जाते, हे माझ्याने बघवेना. सगळ्यांसमोर कशी भरणार? विधवा बाई ओटी भरते म्हटल्यावर त्या धाटावच्या बाया काय बोलल्या असत्या! म्हणून चोरून भरली. चोरून केलं तिथेच चुकलं. चार लोकांत केलं असतं तर तू तिथेच ओरडला असतास, आत्या, काढ ते, आणि विषय तिथेच मिटला असता.

तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि तांदळाच्या डब्यात घालून ठेवलं. माझी लाज मला तांदळाखाली पुरायची होती. रोज तांदूळ काढताना हाताला लागायचं. मी तुला कावळ्यांच्या गोष्टी लिहिल्या. समोर नम्रता बसलेली, माझ्या पापाचे पापड लाटत, आणि मी तिला म्हणते, गो, कडा पातळ कर. कुठल्या तोंडाने म्हणत होते? थू माझ्यावर.

परवा तिला सांगितलं. लाटणं खाली ठेवायला लावलं आणि सगळ्या बायांसमोर सांगितलं. म्हटलं, तुझ्या नवऱ्याने काय केलं नाय, मी केलं. मला वाटलं, अंगावर येईल, शिव्या देईल. ती म्हणाली, "आत्यानू, त्यांना माहीत हाय." मी म्हटलं, कुणाला? म्हणाली, "ह्यांना. ह्यांनी तुम्हाला दारातून बघितलं होतं." आणि परत लाटायला लागली.

त्याला माहीत होतं, विशाल. आणि तो अंगणात उभा राहून तुझं सगळं ऐकत होता.

मग मी घरी येऊन तुझं पत्र परत काढलं. नीट वाचलं, मास्तरणीसारखं. तांदूळ लिहिलेस. हळकुंड लिहिलंस. सुपारी लिहिलीस. नारळ कोंबासकट लिहिलास. खण नाय लिहिलास.

तो खण कुठला, तुला माहीत हाय. दिवाळीला सुरभीच्या ब्लाऊजसाठी हिरवं कापड घेतलंस, त्यातला उरलेला तुकडा तूच मला आणून दिला होतास, आत्या, ह्याची पिशवी शिव म्हणून. मी पिशवी शिवली नाय, घडी करून ठेवला. पूजेच्या ताटात खण नव्हता. पूजेचं सामान हरेशने कोंबलं असतं तर त्यात खण आलाच नसता. आणि तिकडच्या लोकांनी नारळाच्या कोंबाचापण फोटो काढला, ते खण सोडतील होय? तुला फोटो आले असतील. त्या दिवशी सुरभीच्या अंगावर तेच कापड होतं.

माझं चुकलं ते येड्या मायेने चुकलं. तू सांग, तुझं कशाने चुकलं?

उत्तर नाय दिलंस तरी चालेल. पण दिलंस तर खरं दे.

आत्या



रोहा
८ जून २०२५

आत्या,

हे पत्र मी किती वेळा फाडलं ते विचारू नकोस.

हो. पहिल्या फोटोतच मला कळलं होतं. फोटोत किडे, कोंब, आणि मधोमध तो हिरवा खण, तांबडी किनार वर आलेली. मी फोन पालथा घातला. सुरभी विचारत होती, काय झालं, दाखवा ना. मी म्हटलं, काही नाही, ऑफिसचं आहे. आजपर्यंत तिला दाखवला नव्हता. काल दाखवला. ती फोटो मोठा करून बघत म्हणाली, "तो ब्लाऊज मी आता कसा घालू?"

मी स्वतःला सांगत होतो की मी तुझी अब्रू राखतोय. आत्या म्हातारी आहे, तिचं नाव चार लोकांत नको, विधवेने ओटी भरली म्हणून लोक बोलतील. हे मी इतक्या वेळा म्हटलं की मला खरं वाटायला लागलं. पण तुझं नाव न घेताही मला म्हणता आलं असतं की चूक माझी, मी झाकण उघडून बघितलं नाही आणि सही ठोकली. चहाला गेलो होतो. फोटो काढत होतो. ड्रायव्हरला पेढे देत होतो. एक झाकण उघडायचं होतं, ते उघडलं नाही. हे शेठना सांगायची माझी हिंमत नव्हती. मालक म्हणून पहिलीच मोठी ऑर्डर, आणि मालकच बेजबाबदार? मग कुणीतरी लागत होतं. हरेश समोर होता आणि तो बोलत नव्हता.

परवा मी निडीला गेलो. तो घराच्या मागे कुणाची तरी सायकल दुरुस्त करत होता. मला बघून उठला, हात पुसले, खुर्ची आणली. आत्या, त्याने मला खुर्ची आणून दिली.

मी विचारलं, तू बघितलं होतंस तर सांगितलं का नाहीस? मग निदान झाकण लावायच्या आधी काढायचं तरी. तो म्हणाला, "भरलेली ओटी कोण उपसतं, मालक? आणि ती पण आत्यांनी भरलेली. रडत होत्या त्या. मला वाटलं, बाईमाणसाने मशीनीला तांदळाचे चार दाणे दिले तर मशीनीचं काय जातंय. मला तिकडचा कायदा नव्हता माहीत."

मी म्हटलं, आणि अंगणात? अंगणात का बोलला नाहीस?

त्याने पान्याने सायकलीचा नट आवळला. मग म्हणाला, "तुम्ही विचारलंत ते माझ्याकडे न बघता विचारलंत. तेव्हाच मला कळलं, तुम्हाला माहीत हाय. मला वाटलं, तुम्ही मला इशारा करताय की हरेश, आत्याचं नाव निघू देऊ नको, आत्ता तू ऐकून घे, मी तुला मागाहून बोलावतो. म्हणून गप राहिलो. शिव्या दिल्यात त्या पण लोकांना दाखवायला देताय असं वाटलं. जातावर गेलात तेव्हा जरा लागलं, पण म्हटलं, खरं वाटायला पाहिजे ना."

मग म्हणाला, "मी फोन चार्ज करून खिशात ठेवायचो. आंघोळीला जाताना पण नम्रताकडे देऊन जायचो. म्हणायचो, मालकांचा येईल."

आत्या, मला पुढे तिथे बसवेना. मी त्याला माणूस म्हणून विकला आणि तो मला मालक म्हणून सांभाळत होता. घरी येताना निडी स्टेशनजवळ मी गाडी बाजूला घेतली आणि रडलो. त्याने काय होतं? काही होत नाही.

मी त्याला म्हटलं, उद्यापासून ये. तो म्हणाला, "नाय येणार असं. ज्यांच्यासमोर काढलंत त्यांच्यासमोर बोला. मग बघू. येईनच असं नाय." बरोबर आहे त्याचं.

मी शेठना खरं लिहून पाठवलं आहे. अजून उत्तर नाही. दुसरी ऑर्डर गेली तर जाऊ दे. सोळा तारखेला, सोमवारी, सगळ्यांना अंगणात बोलावतोय. हरेशला, नम्रताला पण निरोप दिलाय. तुला एवढंच विचारायचं होतं, मी असं सांगू का की घरातल्या एका माणसाकडून चूक झाली? तुझं नाव नाही घेत. तुला कुणी बोट दाखवलेलं मला चालणार नाही.

विशाल



रामवाडी, पेण
११ जून २०२५

विशाल,

पत्र पोचलं. प्रविण म्हणाला, मालकांचा चेहरा उतरलाय. मी म्हटलं, उतरू दे, चढला होता फार.

परत माझ्या पदराआड लपतोस? 'घरातलं एक माणूस' म्हणजे कोण? लोक सुरभीचं नाव घेतील. एकावर घालायचं ते दुसरीवर घालशील, तेवढंच होईल. तुझी ही खोड शाळेत होती तेव्हा मी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझंच चुकलं तिथे.

माझं नाव तू घ्यायची गरज नाय. मी येते. सोमवारी सकाळच्या गाडीने, नम्रता आणि मी. अंगणात मी माझ्या तोंडाने सांगेन की ओटी मी भरली, शांतीने, कपाळावर कुंकू नसलेल्या बाईने. त्या धाटावच्या बायांना पण बोलवून घे, पूजेला बोलावल्या होत्यास ना, मग ह्याला पण बोलव. माझ्यानंतर तू सांग. झाकणाचं सांग, सहीचं सांग, खणाच्या फोटोचं सांग. काय गाळायचं नाय. गाळलंस तर मला कळतं, हे एव्हाना तुला समजलं असेल.

येताना तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ आणि नवा खण घेऊन येते. मग शेडमध्ये, धाकटीची पूजा झाली तिथेच, सगळ्यांसमोर नम्रताची ओटी भरणार हाय. मी तिला आधी विचारलं. म्हटलं, माझ्या हातची चालेल का गो तुला? लोक काय बोलतील, इचार कर. ती पीठ मळता मळता म्हणाली, "तुमच्या मशीनीला चालली, मग मला का नाय चालणार?" मी उठून आत गेले आणि उगाच डाळ निवडत बसले.

हरेश परत येईल का नाय ते त्याचं तो ठरवील. तू त्याला परत विचारू नको. तू मागे लागलास असं त्याला वाटायला नको, आणि दार बंद झालं असंपण वाटायला नको. तुझा फोन मात्र चार्ज करून खिशात ठेव. आंघोळीला जाताना सुरभीकडे देऊन जा.

आणि एक. ओटी भरताना तू पुढे येऊ नको. पुढे हरेश उभा राहील. तू मागे उभा राहा, त्या ड्रिल मशीनपाशी, मी उभी होते तिथे. जागा चांगली हाय. तिथून सगळं दिसतं.

आत्या